एका हाताची आकडी

आमच्या गल्लीतले भास्करभाऊ उजवा हात कमरेला बांधून फिरतात. हाताला झालेलं काही नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, हात कमरेशी धरायचा आणि वरून गाठ मारायची, तीही एक टोक दातांत धरून डाव्या हाताने. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून विचारलं, "भाऊ, पडले का कुठं?"

"नाई बे. टेस्टिंग सुरू हाय."

कसली टेस्टिंग, ते माझ्या डोक्यात लवकर शिरलं नाही. आणि शिरलं असं वाटलं, तेव्हा तेही अर्धवटच निघालं.

अमडापूरच्या बाजारात भाऊंचं छत्र्या आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. घरामागे एकच झाड, शेवग्याचं, त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी लावलेलं. शेंगा आल्या की वहिनी बांबूला बांधलेल्या आकडीने ओढून काढायच्या आणि गल्लीत घरोघरी स्वतः नेऊन द्यायच्या. मागल्या वर्षी त्यांना लकवा झाला. बोलणं परत आलं, चालणं आलं. उजवा हात काही आला नाही. तेव्हापासून वहिनी परसात फिरकेनाशा झाल्या आणि शेंगा झाडावरच वाळल्या. त्याच सुमारास भाऊंच्या डोक्यात लांब होणारी काठी शिरली. पाइपात पाइप, त्यात आणखी पाइप आणि टोकाला आकडी.

"भाऊ, घरात बांबू हाय ना? तुमी दोन मिनिटात शेंगा पाडसान."

"तुले समजत नाई. सगळा खेळ पाइप वर धरून ठेवायच्या लॉकचा हाय."

पहिलं लॉक सायकलच्या सीटच्या क्लॅम्पचं. त्याची दांडी बाहेर आलेली, ती फांदीच्या बेचक्यात अडकली आणि काठी झाडावरच लोंबत राहिली. येणारेजाणारे विचारायचे, झेंडा कोणत्या पार्टीचा? दुसऱ्या लॉकला छत्रीचा खटका होता. तो अडकला नाही, पण धरूनही राहिला नाही. वरचा पाइप सर्रकन खाली आला आणि भाऊंचा अंगठा निळा पडला. तिसरं पिळून आवळायचं. मी स्वतः आवळून पाहिलं, एकदम पक्कं.

"किती हातानं आवळलं?" भाऊंनी विचारलं.

"दोन."

"मंग फेल."

देवाने धडधाकट दोन हात दिलेला माणूस एकावर जगायचा हट्ट का धरतो, मला काही कळेना. मी चक्क चिडलो होतो.

कहर झाला तो गल्लीतल्या एका लग्नात. वहिनी आल्या नव्हत्या. त्या आता कुठेच जेवायला जात नसत. भाऊ पंगतीत हात बांधून बसले आणि सगळ्यांदेखत डाव्या हाताने वरण-बट्टी खाऊ लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले. नवरीचा बाप काकुळतीला येऊन म्हणाला, "भाऊ, निदान जेवताना तरी!"

"टेस्टिंग सुरू हाय," म्हणत भाऊंनी आणखी वांग्याची भाजी मागितली. काठीची टेस्टिंग वांग्याच्या भाजीत कशी होते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

यंदा शेंगा धरल्या आणि एका सकाळी भाऊंची हाक आली, "ये बे लवकर!"

परसात शेवग्याखाली वहिनी उभ्या होत्या. काठीच्या बुडाशी एक कडी, तिच्यात पाय रोवलेला, आणि डाव्या हाताने त्या आतला पाइप वर ओढत होत्या. टक्. मग त्याच्या आतला. पुन्हा टक्. लॉकचा खिळा पाइपाच्या आतून येऊन भोकात आपोआप बसत होता. बाहेर अडकायला काही नव्हतंच. काठी पानांतून सरळ वर गेली. भाऊ नुसते त्या भोकाकडे बघत होते. वहिनींनी हिसका दिला आणि शेंग माझ्या पायाशी पडली.

आणखी शेंगा पाडून त्यांनी मला जुड्या बांधायला लावल्या, त्यातली एक हातात घेतली आणि थबकल्या. "डाव्या हातानं देऊन राह्यली भाऊजी, वाईट नका मानू."

मी हात पुढे केला. डावाच केला.

वहिनी पुढची जुडी घेऊन शेजारी निघाल्या. तेव्हा कुठे मला त्या बांधलेल्या हाताचा उलगडा झाला. भाऊंचा हात मात्र अजून बांधलेलाच होता.

"झाली ना आता टेस्टिंग? सोडा तो हात," मी म्हणालो.

भाऊंनी आधी वहिनी दूर गेल्याची खात्री केली. मग हळूच म्हणाले, "काठीची झाली. पण ताटावर ती एकटीच डाव्या हातानं जेवते बे. लाजते. मले बरं नाई वाटत."