पिंपळीचा मेंढा प्रदर्शनात

बारामतीकरांनी आजवर भिंतीला टांगलेली चित्रंच पाहिली, आता त्यांना जिवंत कला दाखवतो, असं चित्रकार अनिमेष येईल-जाईल त्याला ऐकवत होता. जळोचीच्या हॉलमध्ये जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यात मोठा आरसा आणि समोर खराखुरा मेंढा. मेंढा स्वतःलाच पाहून घाबरणार आणि लोकांना भीती म्हणजे काय ते कळणार! कलाकृतीचं नावही तयार होतं, 'भय'.

मेंढा पिंपळीच्या बिरू धनगराचा. त्याला टेम्पोतून उतरवताना बिरूचा हात काही दोरीवरून निघेना.

"सर, मुक्या जिवाला कशापायी भ्या दाखवायचं?"

अनिमेषनं त्याला कलेचं मोठेपण समजावलं, मेंढ्याला ओरखडाही येणार नाही असं सांगितलं आणि चहा प्यायला पिटाळलं. प्रदर्शन भरवणाऱ्या आसावरीताईंना मात्र बजावलं, की एकदा प्रयोग सुरू झाला की आकाश कोसळलं तरी कडी काढायची नाही.

लोक जमले. आरशावरचा पडदा ओढायला अनिमेष पिंजऱ्यात शिरला आणि ताईंनी इमानेइतबारे बाहेरून कडी लावली.

पडदा पडला. मेंढ्याला समोर दुसरा मेंढा दिसला. तो चार पावलं मागे सरला, मान खाली घातली आणि सुटला. आरशाचा चक्काचूर झाला. दुसरा मेंढा नाहीसा झाला आणि पिंजऱ्यात उरला एकटा अनिमेष.

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर चढला. मेंढ्यानं स्टूल उडवलं. मग अनिमेष पालीसारखा जाळीला चिकटला आणि कडी काढायला सांगू लागला. लोकांनी श्वास रोखले. एक गृहस्थ उठले, तर ताईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना बसवलं. आपण खरोखर घाबरलोय, असं अनिमेषनं कळवळून सांगितलं, तेव्हा पुढच्या रांगेत चार मोबाइल वर झाले.

त्याची नजर खाली गेली. मेंढा काचांमध्ये थरथरत उभा होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, आणि तोही कडीकडेच बघत होता.

मेंढ्याचं ओरडणं ऐकून बिरू चहा टाकून धावत आला. कुणाला न जुमानता त्यानं कडी काढली. मेंढ्यानं त्याच्या मांडीत तोंड खुपसलं. अनिमेषला खुपसायला मांडी नव्हती, तो जाळीला धरूनच खाली बसला.

टाळ्या थांबेनात. आसावरीताई डोळे पुसत आल्या.

"लोक उद्याही येणार म्हणताहेत. मेंढा नसला तरी चालेल, फक्त तुम्हाला आत ठेवू."

बिरूच्या मागोमाग अनिमेष बाहेर गेला आणि टेम्पोत मागं, मेंढ्याशेजारी जाऊन बसला.