पंगतीत मतपेटी

वसतिगृहाच्या मेस सेक्रेटरीसाठी मतदान रविवारी दुपारी बारा ते दोन होतं, म्हणून उमेदवार देवानंदने साडेअकरालाच पंगत बसवली. बेत सरळ होता. चव्वेचाळीस मतदारांपैकी बेचाळीस जण जेवणार, तृप्त होऊन उठणार आणि थेट वॉर्डनच्या खोलीतल्या मतपेटीकडे जाणार. उरलेले दोघे वाढपी: स्वतः देवानंद आणि त्याचा जिवलग मच्छिंद्र. विरोधी उमेदवार पुंजारामही पंगतीत बसला होता. निवडणूक वेगळी, बुंदी वेगळी.

पंगतीच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल असा, लार्स होता. डेन्मार्कहून सहा महिन्यांसाठी जालन्याच्या कॉलेजात आलेल्या या विद्यार्थ्याला मत नव्हतं, पण त्याच्यामुळे पंगतीला वजन आलं होतं. येऊन तीनच दिवस झाले होते. रूममेट शिवाजीने सकाळी त्याच्याकडून दोन नियम घोकून घेतले होते: पत्रावळीवर काही टाकायचं नाही, आणि इतरांच्या आधी उठायचं नाही.

लार्सने पहिला नियम चोख पाळला. ठेच्याचा गोळा एका घासात गिळला, डोळे पुसले आणि येसराच्या आमटीचे दोन द्रोण घटाघटा प्यायला. पाहुण्याची पत्रावळ रिकामी दिसली की लोक यजमानाला नावं ठेवतात. त्यामुळे लार्सने संपवलं की मच्छिंद्र वाढत होता, आणि मच्छिंद्रने वाढलं की लार्स संपवत होता.

पाऊण वाजला. बाकीच्यांचे हात वाळून गेले.

"आता वाढू नको रे त्याला," देवानंद कुजबुजला.

"पाव्हण्याची पत्रावळ रिकामी ठिवू?"

"ठिव. आज इलेक्शन हाय!"

मच्छिंद्र थांबला. लार्सने शेवटचं शीत वेचलं आणि दुसरा नियम पाळायला घेतला. इतर कधी उठतात याची तो वाट पाहू लागला. इतर त्याची वाट पाहत होते. पाहुणा बसलेला असताना पंगत उठत नाही.

सव्वा वाजता देवानंद शिवाजीच्या कानाशी वाकला. "तू सांग ना त्याला उठायला."

"जेवणावरून माणसाला ऊठ म्हणू? गावाकडं कळलं तर माझी माय घरात घेणार न्हाई."

"मंग तुम्ही तरी उठा की!"

"बसू द्या हो देवानंदभाऊ," पुंजाराम म्हणाला. "पाव्हण्याचं मन मोडू न्हाई. मच्छिंद्र, त्याला बुंदी आण. आमटीबी आण."

बुंदी आली म्हटल्यावर सगळ्यांनीच पुन्हा हात भरवले.

दोनला दहा कमी असताना देवानंद वॉर्डन रामकिसन सरांच्या खोलीत शिरला. सर रिकाम्या पेटीसमोर पेपर वाचत होते.

"सर, पोरं उठून न्हाई राह्यली. पेटीच तिकडं घेऊन चला."

"दोन म्हणजे दोन. एक मिनिट जास्त मिळणार नाही," सर म्हणाले. पण एकही मत पडलं नाही, तर प्राचार्यांना लेखी कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी पेटी उचलली.

दोन नावं छापलेल्या चिठ्ठ्या पंगतीत पानोपान वाढल्या गेल्या. पेन हातोहात फिरलं. ठोक्याला दोन वाजता सरांनी पेटी तिथेच उघडली आणि पहिल्याच चिठ्ठीला कपाळावर आठ्या घातल्या.

"आमटीचे डाग पडलेली मतं बाद. डागावरून माणूस ओळखू येतो. मतदान गुप्त असतं."

एकेक चिठ्ठी बाद होत गेली. पुंजारामची तर बुंदीसकट बाद झाली. चव्वेचाळीसमधून स्वच्छ निघाल्या दोनच.

"देवानंद, एक. पुंजाराम, एक," सरांनी वाचलं. "समान मतं. पुढच्या रविवारी पुन्हा मतदान."

न जेवलेली माणसंही दोनच होती. त्यातल्या एकाने देवानंदला मत दिलं होतं आणि तो एक देवानंदच होता. तो सावकाश मच्छिंद्रकडे वळला.

"मच्छ्या... तू?"

मच्छिंद्रने बादली खाली ठेवली. "निवडून आलो तर दर रविवारी अशीच पंगत, असं तूच सांगत फिरून राह्यला ना? वाढणार कोण? मीच. अडीच तास झाले, घास न्हाई पोटात. पुंजारामचं मी काही लागत न्हाई. त्याच्या राज्यात मला बसून तरी खाता येईल."

एवढं बोलून त्याने एक पत्रावळ ओढली आणि मांडी घातली. "वाढ आता. जल्दी."

पुढच्या रविवारचं एक मत समोर बसलं होतं. देवानंदने बादली उचलली.