टेबलाखालचं गणित

गणित हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी डबा खाता खाता, चारचौघांत, खुद्द साहेबांच्या देखत म्हणालो. दमलेला माणूस काहीही बोलतो. महिनाअखेर होती, सकाळपासून पगारपत्रकं काढून माझी मान अवघडली होती. गणितात मागे पडलेल्यांना ऑनलाइन आणि फुकट शिकवणारी एक संस्था आहे, तिला आपल्यातला कोणी माणूस देता येईल का, असं साहेब टेबलाटेबलाशी थांबून विचारत होते. सगळ्यांनी एकदम डब्यात डोकी घातली. माझा डबा संपला होता, त्यामुळे मला डोकं घालायला जागाच उरली नाही.

"तुम्ही तर हिशेब विभागातले," साहेब म्हणाले.

आता खरं सांगायचं तर आमच्या विभागात हिशेब कॉम्प्युटर करतो. मी बटण दाबतो आणि कागद वाकडा आला तर सरळ करतो. पण साहेब आपल्याकडे बघून हसतायत, असं वर्षातून एखाद्या वेळीच घडतं. मी ते डाव्या हाताचं वाक्य बोलून गेलो आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं.

माझ्या वाट्याला एक विद्यार्थिनी आली. विद्यार्थिनी म्हणजे शाळकरी पोर नव्हे, वीस-बावीसची मुलगी. पहाटेपासून दुपारपर्यंत बेकरीत पाव भाजायची. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळायला गणितात पास असावं लागतं आणि ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा बसायला मिळतं, चौथ्यांदा नाही. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, "सर, तुम्ही आहात म्हणजे आता काळजी नाही."



"सर, उणे गुणिले उणे अधिक का होतं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"तसंच असतं ते," मी म्हणालो. तिने ते लिहून घेतलं, आणि मला माझीच लाज वाटली.

पहिला तास कसाबसा निभावला. दुसऱ्या तासाला तिने एक वर्गसमीकरण समोर धरलं. क्ष वर्ग उणे पाच क्ष अधिक सहा, बरोबर शून्य. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेत आमची ओळख झाली होती एवढंच आठवत होतं. मला एकच उपाय सुचला. नेट अडकल्यावर माणूस कसा दिसतो ते मी पाहिलेलं आहे. मी तोंड अर्धवट उघडं ठेवलं, एक हात हवेत धरला आणि पुतळ्यासारखा बसलो. पापणीसुद्धा हलवली नाही. आता ही कंटाळून बंद करेल, मग उद्यापर्यंत काहीतरी बघू, असा विचार.

तिने स्क्रीनजवळ चेहरा आणला. मग हळूच म्हणाली, "सर, पडदा हलतोय."

माझ्यामागे पंखा चालू होता. खिडकीचा पडदा झोकात हलत होता. आणि पडद्याशेजारी सासूबाई उभ्या होत्या.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. नोकरीभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली, आता टक्कल पडलेली माणसंही त्या दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. लग्नात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "गणितात किती होते?" मी विषय बदलला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला होता.

"सरका," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने माइक बंद केला. "आई, असं नका करू. ती माझ्या नावावर आहे. ऑफिसात बोर्ड लागलाय."

"मग त्या मुलीने तुमच्या बोर्डापायी तिसऱ्यांदा नापास व्हायचं?"

शेवटी तोडगा निघाला. मी खुर्चीवर बसायचं आणि सासूबाईंनी टेबलाखाली, डावीकडे, स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर. हातात पाटी. त्या लिहितील ते मी मोठ्याने बोलायचं. "हे मी त्या मुलीसाठी करतेय," त्यांनी बजावलं, "तुमच्यासाठी नाही."

सुरुवातीला फार छान चाललं. सासूबाई पाटीवर 'अवयव पाडा' लिहायच्या, मी गंभीर आवाजात "अवयव पाडायचे" म्हणायचो आणि स्वतःलाच हुशार वाटायचो. ऑफिसातून येऊन बूट काढायचे, तोंडावर पाणी मारायचं आणि पाटी वाचत बसायचं. दिवसभर कॉम्प्युटरचं ऐकायचं, संध्याकाळी सासूबाईंचं. दमायला व्हायचं, पण पोरगी भराभर उत्तरं देऊ लागली होती. प्रश्न विचारला की ती जराशी थांबायची, खाली डावीकडे बघायची आणि अचूक उत्तर द्यायची. मला वाटलं लाजाळू आहे. मीही बोलताना खाली डावीकडेच बघत होतो, त्यामुळे संशय घ्यायला मला तोंड नव्हतं.

मग एक दिवस ती म्हणाली, "सर, अवयव शोधत बसायचं म्हणजे अंधारात चपला शोधण्यासारखं आहे. सरळ सूत्रात आकडे घालावेत, उत्तर बाहेर पडतं."

टेबलाखाली पेन्सिल कुरकुरली. मी पाटी वाचली. "सूत्र घोकणं म्हणजे गणित नव्हे."

तिने डावीकडे बघितलं. "सर, अवयव काय दर वेळी पडतात का? नाही पडले तर माणसाने काय रात्रभर तिथेच बसायचं?"

पाटी आली. "ज्यांना घाई आहे त्यांनी गणिताच्या वाटेला जाऊ नये."

"सर, ज्यांनी जन्मभर नुसता फळा बघितला त्यांनी एकदा चिखलात उतरून जमीन मोजून बघावी."

"जमीन?" मी विचारलं. हे पाटीवर नव्हतं, माझं मीच विचारलं. तीही गोंधळलेली दिसली.

"हे त्या मुलीचं बोलणं नाही," सासूबाई टेबलाखालून पुटपुटल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि, मला उगाच वाटलं असेल, पण थोडा आनंदही होता.

त्यानंतर रोज तेच. अवयव विरुद्ध सूत्र. मी एका तरुण मुलीला टोमणे मारत होतो आणि ती मला उलट टोमणे मारत होती, आणि त्यातलं एक अक्षरही आमच्या दोघांच्या मनातलं नव्हतं. तास संपल्यावर मी जेवायचोही नाही, तसाच आडवा व्हायचो. बायको म्हणायची, "अहो, फुकट शिकवताय ना? मग एवढे पिळून का निघता?"

अशातच साहेबांनी निरोप दिला की त्यांना माझा तास बघायचाय.

नाही म्हणायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत मी, एकीत ती, आणि तिसरीत साहेबांचं फक्त कपाळ, कारण कॅमेरा कसा धरावा हे त्यांना सांगण्याची कोणाची हिंमत नव्हती. सासूबाईंना मी हात जोडून सांगितलं होतं की आज सूत्राचं नाव काढू नका. त्यांनी नाही काढलं. पोरीने काढलं.

"सर, आज सूत्राने करू या. म्हणजे पाहुण्यांनाही लवकर घरी जाता येईल."

पाटी इतक्या जोरात वर आली की ती कॅमेऱ्यात दिसली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'मुळीच नाही' लिहिलेलं होतं. मी ती खाली दाबली. ती परत वर आली. पाटीमागोमाग पांढरा अंबाडा आला, मग चष्मा, मग अख्ख्या सासूबाई.

"समोर या," त्या स्क्रीनला म्हणाल्या. "मुलीच्या आडून बोलू नका."

तिच्या चौकटीत कपाटाचं उघडं दार मिटलं आणि त्याच्यामागे बसलेले, हातात वही धरलेले आणि गळ्यात मफलर गुंडाळलेले एक ताठ म्हातारे गृहस्थ उठून बाहेर आले.

"तुम्ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हिचा आजोबा. चाळीस वर्षं जमिनी मोजल्या. तुम्ही कोण?"

"मी ह्यांची सासू. चाळीस वर्षं गणित शिकवलं."

"अस्सं. मग सर कोण?"

साहेबांचं कपाळ आक्रसलं.

ते दोघं मात्र थांबले नाहीत. समोरासमोर आल्यावर तर त्यांना ऊतच आला. थोड्या वेळाने आजोबा मला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा हो, बाईंची पाटी दिसत नाही." मी बाजूला झालो. साहेब कधी निघून गेले ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते माझ्याकडे बघून हसले नाहीत एवढंच सांगतो.

पुढच्या संध्याकाळी मी घरी आलो तर माझी खुर्ची गेलेली होती. सासूबाई तिच्यावर बसून आजोबांना अवयव पाडून दाखवत होत्या आणि आजोबा पलीकडून, "वा, हे बरं आहे, पण," म्हणत होते. मी बुटांसकट स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात फोनवर तिचा निरोप आला. "सर, जिन्यात बसलेय. फोन करू का?"

मीच केला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सर, परीक्षा तोंडावर आलीय आणि मला काहीच येत नाही. आजवर आजोबा सांगायचे तेच मी बोलत होते. त्यांना वाटतं मला समजतं, म्हणून ते समजावत नाहीत. ह्या वेळी नापास झाले तर बेकरीच आहे जन्मभर."

थकल्यामुळे खोटं बोलण्याचंही त्राण नव्हतं. "मलाही येत नाही गं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून नाही."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पडदा हलत होता."

"मग आता?"

"मग आता पहिल्यापासून बघू या का? दोघंही?"

वॉशिंग मशीनशेजारी बादली पालथी घालून मी बसलो. ती तिकडे जिन्यात. पुस्तकाचं पहिलं पान. बायको भाजी चिरता चिरता ऐकत होती. "तुम्हाला येतं?" तिने विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. "मग शिकवताय काय?" मी पहिलं पान तिच्यापुढे धरलं.

पण झालं असं की मला येत नसल्यामुळे मला एकही पायरी गाळता येत नव्हती. सासूबाई 'हे उघड आहे' म्हणून पुढे जायच्या. मला काहीच उघड नव्हतं. तिला अडलं की मलाही अडायचं आणि मग आम्ही दोघं तिथेच बसून राहायचो. उण्याच्या गुणाकारावर तर आम्ही पुरते हात टेकले. शेवटी कंटाळून मी तिला विचारलं, आज बेकरीत काय केलंस. ती म्हणाली, काही नाही, दुपारी भट्टी बंद केली आणि निवायची वाट बघत बसले.

"निवते कशी?"

"हळूहळू. समजा, तासाला दोन अंश उतरते." ती थांबली. "म्हणजे उणे दोन. सर, तीन तासांनंतर सहाने कमी असेल."

"आणि तीन तासांपूर्वी?"

"पूर्वी म्हणजे उणे तीन." फोनमधून पेन्सिल चालल्याचा आवाज आला. "सहाने जास्त होती. सर! अधिक सहा!"

मी बादलीवरून उठलो. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की ते तसंच असतं म्हणजे कसं असतं. त्याच संध्याकाळी आम्ही ते पहिलं वर्गसमीकरण सोडवलं, दोन आणि तीन अशी उत्तरं आली, आणि मला रडू आलं. कांद्यामुळे, असं मी बायकोला सांगितलं. ती दुधी चिरत होती.

मुलगी पास झाली. काठावर नव्हे, चांगली पास झाली. तिला कोर्सला प्रवेश मिळाला. आजोबांनी सासूबाईंना सांगितलं की सूत्रामुळे, आणि सासूबाईंनी आजोबांना सांगितलं की अवयवांमुळे. ते अजून रोज संध्याकाळी भांडतात.

त्याच आठवड्यात माझाही निकाल लागला. साहेबांनी संस्थेला काय कळवलं होतं देव जाणे, पण संस्थेने सगळ्या शिक्षकांची चाचणी घ्यायचं ठरवलं. वर्गसमीकरणं मला मस्त आली. बाकीचं सगळं राहिलं. संस्थेने फार सभ्य भाषेत कळवलं की निराश होऊ नका, आमच्याकडे आपल्यासाठीही सोय आहे.

त्यामुळे आता मला शिकवणी लागली आहे. कॉम्प्युटर सासूबाईंकडे असतो, म्हणून मी बायकोचा लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये बसतो. पहिल्या दिवशी स्क्रीन उघडली तर समोर तीच. कोर्स सांभाळून आठवड्यातून एक तास ती संस्थेसाठी शिकवते. अजूनही मला सरच म्हणते.

"सर, आज त्रिकोणमिती सुरू करू. साइन म्हणजे काय, माहिती आहे ना?"

मी खाली डावीकडे बघितलं. तिथे स्टूल नव्हतं. मग मी तोंड अर्धवट उघडं ठेवलं, एक हात हवेत धरला आणि पापणी न हलवता बसून राहिलो.

तिने स्क्रीनजवळ चेहरा आणला.

"सर," ती म्हणाली, "पंखा बंद करायचा राहिलाय."