गाडी लालच आहे

चिऊने बॉनेटवर आबा काढले होते.

एक मोठा गोल, खाली दोन काटक्या म्हणजे पाय, आणि गोलात एकच डोळा. आबा काल मोतीबिंदूचं ऑपरेशन करून उजव्या डोळ्यावर पट्टी लावून घरी आले, तेव्हापासून अडीच वर्षांच्या चिऊच्या लेखी आजोबांना एकच डोळा होता. बादली उपडी घालून, तिच्यावर चढून, स्टीलच्या चमच्याने तिने हे चित्र कोरलं होतं, आणि आता ती आईला हाताला धरून ते दाखवायला घेऊन आली होती.

"छान आहे ना?"

"छान आहे गं," आई म्हणाली आणि बादलीवर मटकन बसली.

गाडी आबांची होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गाडी लाल आहे, असं आबांचं म्हणणं. उन्हापावसात उभी राहून ती कधीच गुलाबी झाली होती, पण मुलाने एकदा तसं बोलून दाखवल्यावर आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. अशी ती गाडी सोमवारपासून सुनेने, म्हणजे चिऊच्या आईने चालवावी, चिऊला पाळणाघरात सोडून तशीच ऑफिसला जावं, असं त्यांनी परवा कबूल केलं होतं. मृत्युपत्रावर सही करावी तसा चेहरा करून त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली होती. रोज दोन बस, खांद्यावर झोपलेली चिऊ आणि दुसऱ्या खांद्यावर डबा, हे सगळं सोमवारी संपणार होतं.

आणि आबा तिच्या नवऱ्याबरोबर पट्टी काढायला गेले होते. बाराच्या आत परत. साडेनऊ वाजले होते.

"आई!" तिने सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी चित्र पाहिलं. पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "पाय बरोबर आलेत हो," त्या म्हणाल्या. मग भानावर आल्या. "मी काही बघितलं नाही. मी आत आहे."

ती चिऊला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात धावली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "नख अडकतं का?"

"काय?"

"ओरखड्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर रंगाचं काम. नाही अडकलं तर घासाघाशीचं." त्याने पॉलिशचा डबा आणि दोन मऊ फडकी पुढे केली. "वीतभर जागा घ्यायची, हलक्या हाताने गोल गोल. वाळू द्यायचं नाही. आणि उन्हात अजिबात नाही हां ताई."

नख अडकलं नाही. फक्त डोळ्याच्या ठिपक्यापाशी अडकलं, पण तेवढ्याला काय! प्रश्न उन्हाचा होता. गाडी सावलीत घ्यावी तर आबांना कळणार, कारण मागचं चाक फरशीच्या कुठल्या फटीवर असतं हेही त्यांना पाठ होतं. शेवटी ज्यांनी काही बघितलं नव्हतं त्या सासूबाई छत्री घेऊन बाहेर आल्या आणि सुनेच्या डोक्यावर नाही, बॉनेटवर छत्री धरून उभ्या राहिल्या.

तिने घासायला सुरुवात केली. मिनिटभराने फडकं उलटून पाहिलं. फडकं लालभडक झालं होतं.

"आई, रंग निघाला!"

"अगं बाई! थांब, थांब! सगळी गाडी उतरेल फडक्यावर!"

तिने दुकानदाराला फोन लावला. तो पलीकडे हसला. "जुन्या गाडीचा वरचा रंग मेलेला असतो ताई. तोच निघतो. खाली जिवंत रंग असतो. घासा बिनधास्त."

आणि खरंच होता. पुसल्यावर आबांचा गोल गेला, पाय गेले, आणि त्या जागी ताटाएवढा लाल रंग असा काही उजळला की सासूबाईंच्या हातातली छत्री कलंडली. "अगं, अशीच होती ही! आणली तेव्हा!"

ही चांगली बातमी म्हणायची की वाईट, हे दोघींना एकदमच कळलं. गुलाबी बॉनेटवर तो लाल डाग कपाळावर आपटून टेंगूळ आल्यासारखा दिसत होता.

"ओरखडा तरी लपला असता," सासूबाई म्हणाल्या. "हे तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दिसेल."

मग डाग मोठा करणं आलं. तो मोठा केला की त्याची कड दिसायची, कड घालवायची तर आणखी पुढे सरकायचं. बॉनेटच्या मधोमध एक उठलेली रेघ होती. तिथे थांबायचं ठरलं. पण बॉनेटचा समोरून उजवा भाग लाल झाल्यावर चाकावरचा पत्रा शेजारी आजारी वाटू लागला. पत्रा झाल्यावर पुढचं दार. पुढच्या दारानंतर मागचं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन, "आमच्यापुढे एकच पेशंट आहे." तेवढ्यात चिऊला शू लागली. तेवढ्यात चिऊला भूक लागली. तेवढ्यात चिऊने पॉलिशच्या डब्यात बोट घातलं आणि आईने एका हाताने दार घासत दुसऱ्या हाताने ते बोट तोंडाच्या वाटेवरच पकडलं.

"डाव्या बाजूचं काय करायचं?" दंडाने घाम पुसत तिने विचारलं.

"ती भिंतीकडे आहे. फाटकातून आले की उजवीकडून सरळ घरात जातात ते. मी त्यांना झोपवते, मग तू डावी घे."

फोन पुन्हा वाजला. "निघालो. आबा खूश आहेत. टॅक्सीवाल्याच्या पाठीवरचा केससुद्धा दिसतोय म्हणतायत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डोळ्याचा ठिपका राहिला होता, त्यावर सासूबाईंनी एक वाळकं पान अलगद ठेवलं.

टॅक्सी थांबली. काळा चष्मा लावून आबा उतरले, फाटकात आले आणि खिळ्यासारखे उभे राहिले. नवऱ्याने थांबवायच्या आत त्यांनी चष्मा काढला. गाडीचं नाक बरोबर त्यांच्या समोर होतं.

सुनेने फडकं पाठीमागे लपवलं. किल्ली कमरेला खोचलेली होती, ती तिला तापल्यासारखी वाटली.

आबांनी डावा तळवा डाव्या डोळ्यावर आडवा धरला, मान थोडी उजवीकडे वळवली आणि पाहिलं. मग हात बदलला, उजवा डोळा झाकला, मान डावीकडे वळवून पाहिलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"लाल," ते पुटपुटले. "गुलाबी. लाल. गुलाबी."

"आबा, अहो ते..." नवऱ्याने तोंड उघडलं. सासूबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"मी काय सांगत होतो?" आबांचा आवाज चढला. "गाडी लालच आहे! नव्या डोळ्याला लाल दिसते, आणि हा जुना डोळा तिला गुलाबी दाखवतो. म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला जे दिसतंय ते माझ्या या बिघडलेल्या डोळ्यासारखं. उद्याच्या उद्या सगळ्यांनी डोळे तपासून घ्या!"

आबांनी उजव्या डोळ्यावरचा हात हळूच काढून डाव्या डोळ्यावर ठेवला. याच डोळ्याचं ऑपरेशन त्यांना नको होतं. एकाच डोळ्याचं करणार, दुसरा राखीव ठेवणार, म्हणून त्यांनी वर्षभर सगळ्यांना दमवलं होतं. त्याच बाजूला ते दाराच्या चौकटीला आपटत, आणि त्या बाजूने चिऊ धावत आली की तिला चुकून पाय लागेल म्हणून जागच्या जागी थांबून राहत.

"याचंही करून टाकू," ते म्हणाले. "डॉक्टर बुधवारी मोकळे आहेत म्हणाले होते. आणि सूनबाई, तोवर गाडी इथून तसूभर हलवायची नाही. रोज सकाळी मी इथे उभा राहून दोन्ही डोळे तपासणार. डॉक्टरांच्या तक्त्यापेक्षा ही बरी."

"पण आबा, सोमवारपासून मी..."

"आण ती किल्ली इकडे."

तिने तोंड उघडलं. एक वाक्य बोललं की झालं असतं. तिने आबांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि किल्ली दिली.

आबा चिऊचं बोट धरून आत गेले. नवरा लंगडत त्यांच्या मागे गेला. सासूबाईंनी छत्री मिटली आणि भिंतीला टेकलेल्या त्या गुलाबी बाजूकडे बराच वेळ पाहिलं.

"गुरुवारी पट्टी काढायला जातील, तेव्हा तू रजा घे, चिऊला मी सांभाळते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण नीट घास हो. डॉक्टरांची अब्रू आता तुझ्या हातात आहे."