इमारत नऊचं अर्धं वाक्य

ज्या मंगळवारी संकुलातल्या परवडणाऱ्या घरांना सभेत पाव वाक्याऐवजी अर्धं वाक्य बोलायची मुभा मिळाली, त्या दिवशी शालन गुरव गॅलरीत कुरडया वाळत घालत होत्या. वरच्या मजल्यावरचे बशीरभाई मुलाणी बातमी सांगतच जिना उतरले. मोठ्या घरांना परिच्छेद असायचा, मधल्यांना पूर्ण वाक्य. इमारत नऊमध्ये मात्र आजवर चार घरं मिळून एक वाक्य होई. एकानं थांबायचं, दुसऱ्यानं लगेच उचलायचं. मध्ये श्वासाएवढी फट पडली तरी वाक्य बाद.

"आता दोघांत भागतंय, ताई," बशीरभाई म्हणाले. "फाटकाचं आपण बोलू."

इमारतीमागचं छोटं फाटक रात्री कुलूपबंद असे. गेल्या वर्षी शालनताईंच्या यजमानांना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स त्याच्यापुढेच उभी राहिली होती. त्याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. आता बशीरभाईंच्या सुनेला, रुखसानाला, नववा लागला होता.

दोघांनी जिन्यात तालीम केली. 'आमच्या इमारतीमागचं छोटं फाटक रात्रीसुद्धा' हे शालनताईंचं. 'उघडं ठेवा, नाहीतर ॲम्ब्युलन्स आत येत नाही' हे बशीरभाईंचं. रुखसाना पायरीवर बसून ऐके. "अब्बा, कुणी मागे लागलंय का?" ती म्हणे. "सावकाश बोला."

सभेत टॉवरमधले एक गृहस्थ कारंज्याच्या दिव्यांवर परिच्छेद बोलले. मग अध्यक्ष पळनिटकरांनी इमारत नऊला पुकारलं. शालनताई उभ्या राहिल्या.

"आमच्या इमारतीमागचं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं थांबल्या.

फट पडू नये म्हणून बशीरभाईंनी त्याच सवयीनं लगेच उचललं. "उघडं ठेवा." मग तेही थांबले आणि पुढच्या दोन घरांकडे पाहू लागले. त्या घरांना आता आपलं अर्धं-अर्धं वाक्य पाण्यासाठी हवं होतं. त्यांतल्या एक, मागच्या रांगेतल्या कमल भोईर, बोलायला पुढे झुकल्या. पण त्यांच्या घरी नळ कोरडा होता. त्यांनी मान खाली घातली.

"झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

एकदा थांबलं की वाटा संपे. शालनताईंनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. सभेत हातवारे धरत नसत.

'आमच्या इमारतीमागचं उघडं ठेवा' हा ठराव एकमतानं मंजूर झाला. इमारत नऊची मागणी पहिल्यांदाच जशीच्या तशी मान्य होतेय, असं अध्यक्ष समाधानानं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संकुलाची माणसं आली. इमारतीमागे बरीच शोधाशोध करून त्यांनी गटारावरची झाकणं काढली आणि भिंतीशी नीट रचून ठेवली. शालनताई खाली गेल्या. त्यांनी मुकादमाला हाताला धरून फाटकापाशी नेलं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"तुमचं पटतंय, बाई," तो म्हणाला. "पण ठरावात फाटक नाही. पुढची सभा दिवाळीनंतर."

रात्री रुखसानाच्या कळा सुरू झाल्या. बशीरभाईंनी गटारावर फळी टाकली. फाटकाला कुलूप तसंच होतं.