हो-हो नसलेले गाणे

"आता तुमचं ते उमरेडच्या वाटेचं गाणं होऊन जाऊ द्या जी!" पोह्यांची बशी खाली ठेवीत महादेवराव म्हणाले आणि गणपतरावांच्या मुखावर संकोचाची छटा पसरली.

महादेवराव हे सपत्नीक आपल्या मुलासाठी गणपतरावांची कन्या जयवंता हिला पाहण्याकरिता आले होते. मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की, सध्या इतवारीतील प्रत्येक पानठेल्यावर वाजणारे ते गीत मुळात मुलीच्या वडिलांचे आहे. गोष्ट सत्य होती. तरुणपणी गणपतरावांच्या आवाजात त्याची तबकडी निघाली होती. परंतु ती फारशी खपली नाही. पुढे एका ऑर्केस्ट्रावाल्याने तेच गीत द्रुत लयीत, मध्ये 'हो-हो' घालून कॅसेटवर गायिले आणि ते अवघ्या नागपुरात दुमदुमले.

गणपतरावांनी डोळे मिटून, संथ लयीत, गीत पूर्ण केले.

"हे कोणतं गाणं होय?" महादेवराव बुचकळ्यात पडले. "त्यात हो-हो राहते जी!"

"ते त्यानं मागून टाकलं."

"म्हणजे अस्सल गाणं तुम्हाले येतच नाही!"

सोयरीक हातची निसटत असलेली पाहून प्रयागबाई दाराआडून पतीस म्हणाल्या, "अवो, म्हणा ना त्याच्यासारखं! पोरीच्या लग्नाचा सवाल हाये."

गणपतरावांनी मन घट्ट केले आणि हो-हो सहित गायिले.

"हां! आता ओरिजिनल वाटलं!" महादेवरावांनी मांडीवर थाप मारली.

इतक्यात, आतल्या खोलीत मुलीशी बोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी जिजाबाई बाहेर आल्या. "कायचं ओरिजिनल? माह्या माहेरी याची तबकडी होती. त्यात हो-हो नव्हतंच. हे तं कॅसेटवाल्याची नक्कल करून राहिले!"

"बाई, पहिले मी तबकडीतलंच गायलो!" गणपतराव काकुळतीला आले.

"मंग बदललं काहून?"

"तुमच्या मालकाले पसंत नाही पडलं म्हणून."

पतिपत्नी कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. गणपतरावांच्या ललाटावर घर्मबिंदू जमले.

"सोयरीक पक्की!" महादेवरावांनी परतताच जाहीर केले.

"पण गाणं माझंच हाये, हे तं पटलं ना?"

"ते राहू द्या जी! आम्ही नुसतं नाक मुरडलं, तं तुम्ही आपलं गाणं सोडून देलं. मानपानाले कटकट न करणारा असा इवाई आम्हाले कुठी भेटन?"

प्रयागबाईंनी हर्षभराने पेढे फिरविले. गणपतरावांनीही एक मुखात घातला. परंतु आपला सन्मान झाला की अपमान, याचा निर्णय तो पेढा विरघळेपर्यंत त्यांस करता आला नाही.