सोलापुरात सात अंश

त्या साहेबाला सोलापूरचं पत्र दिसलं की मुद्दाम झोप लागते. परदेशात बसून 'कर्नल' नावाच्या संगणक-प्रणालीच्या फायली मंजूर करणारा हा माणूस. त्यानं सोलापूरच्या शरणबसवची फाइल तीन आठवडे उघडलीसुद्धा नाही. मंजुनाथच्या फायलीला मात्र दुसऱ्याच दिवशी उत्तर: "छान. कुणीतरी खऱ्या फोनवर तपासा, लगेच घेतो."

मंजुनाथ म्हणजे शरणबसवचा सख्खा मेव्हणा. आग होती ती इथं.

कर्नल हा फोनच्या आतला कारभारी, पण जन्मांध. प्रोसेसरला कुठलं बटण, कुठला सेन्सर कुठं जोडलाय, ते त्याला फायलीत लिहून द्यावं लागतं. शरणबसवनं आवाजाच्या बटणाचं लिहिलं होतं, मंजुनाथनं बॅटरीच्या तापमानाचं. ज्याची फाइल आधी आत, त्याचं नाव कर्नलमध्ये आधी. आणि ते गल्लीभर सांगायला सासूबाई टपलेल्याच होत्या.

"तपासतोच की आता," शरणबसव दात खात म्हणाला. "वाभाडे काढतो त्याचे."

त्यानं मेव्हण्याची फाइल जुन्या फोनवर चढवली, दर मिनिटाला तापमानाची नोंद लावली, फोन खिडकीत ठेवला आणि कामाला बाहेर गेला. तीन तासांनी येऊन बघतो तर त्रेचाळीस, चव्वेचाळीस, मग उतरत उतरत सात, आणि परत चढत पस्तीस.

मे महिना. सोलापूर. सात अंश!

शरणबसव खुर्चीतच नाचला. जगभरातले हजारभर लोक वाचतात त्या ई-मेलच्या यादीवर त्यानं ठोकून दिलं: "ही फाइल साफ खोटी आहे. नोंदी सोबत जोडल्या आहेत."

पाच मिनिटांत मंजुनाथचा फोन. शरणबसवनं स्पीकर लावला. मेव्हण्याची फजिती बायकोला, काव्यालाही ऐकू जायला हवी होती.

"दाजी, आकडा सावकाश उतरलाय बगा. फाइल चुकली असती तर एकदम उडी मारली असती. फोन कुटं हुता?"

"खिडकीत! आमी काय बर्फात राहतो व्हय?"

"फ्रीजमदी हुता की," स्वयंपाकघरातून काव्या म्हणाली. "तव्यागत तापला हुता. फुटंल म्हणून ताकाच्या पातेल्याशेजारी ठिवला. तुमी यायच्या जरा आधी परत खिडकीत."

"अक्का, लई उपकार!" मंजुनाथ हसून हसून खोकायला लागला. तेवढ्यात फ्रीजची हकीकत त्यानं यादीवर लिहूनही टाकली.

साहेबाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "उन्हापासून फ्रीजपर्यंत इतकी कसून तपासणी मी पाहिली नव्हती. फाइल घेतली." आणि रिवाजाप्रमाणे मंजुनाथच्या नावाखाली एक ओळ: तपासणारा, शरणबसव.

"आलं की वो तुमचं बी नाव!" काव्या हात पुसत बाहेर आली. "आईला कळवू?"

"कळवलंस तर बघ!"

शरणबसवनं कीबोर्ड पुढं ओढला आणि हजार लोकांदेखत लिहिलं: "साहेब, मेव्हण्याची फाइल दहा मिनिटांत घेतलीत. माझं बटण तीन आठवडे पडून आहे. त्यात चूक असेल तर दाखवा, नसेल तर घ्या. दोन्हीपैकी काय, ते आज, इथंच, सगळ्यांसमोर सांगा."